साठ पौंडांचं धनुष्य

परतवाड्याला सापन नदीच्या काठी खोडे मास्तरांचं मैदान होतं, आणि त्या मैदानावर एकट्याने धनुष्य ओढायची परवानगी कोणालाच नव्हती. ओढणारी पुढे उभी राहायची. तिच्या मागे तिची जोडीदारीण, एक तळवा ओढणारीच्या उजव्या खांद्याच्या फऱ्यावर, पाठीकडच्या चपट्या हाडावर, सपाट ठेवून. हात थकायला लागला की आधी फरा थरथरतो, आणि ओढणारीला स्वतःला कळायच्या आत ते मागच्या तळव्याला कळतं. मग मागचीने एकच शब्द बोलायचा: उतर. तो कानावर पडला की समोर वाघ उभा असला तरी बाण सोडायचा नाही. दोरी सावकाश पुढे न्यायची आणि धनुष्य खाली घ्यायचं. का म्हणून विचारायचं नाही.

मास्तरांनी ही रीत घातली तेव्हा लोक हसले होते. पुढे बांबूच्या देशी धनुष्यांच्या स्पर्धा देशभर सुरू झाल्या, चार चांगल्या तिरंदाजांचे खांदे कामातून गेले, आणि महासंघाने हीच रीत नियम म्हणून उचलली. वर एक कलम जोडलं, की जोडीदाराने ‘उतर’ म्हटलं तर तो बाण बाद.

समिधा डवरे आणि फुलवंती बेठेकर बाराव्या-तेराव्या वर्षापासून एकमेकींच्या जोडीदारणी. समिधा परतवाड्याचीच. फुला वर सेमाडोहची. मेळघाटातली पोरगी म्हणजे हिला तिरंदाजी आईच्या पोटातूनच येत असणार, असं पत्रकार हमखास लिहायचे. फुलाच्या बापाने उभा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरण्यात घालवला होता, आणि बाण म्हणजे काय तर जत्रेतलं खेळणं, एवढीच त्यांची माहिती.

“हात थंडा हाय वं तुया,” फुला रोज सकाळी म्हणायची. “जरा घासून ठेवत जाय, मानूस दचकते.”

“दचक. तेवढीच जागी होशीन.”

मास्तरांचा दुसरा नियम वजनाचा होता. धनुष्याचं वजन वाढवायचं ते दोन पौंडांनी, आणि एका दिवाळीला वाढवलं की पुढच्या दिवाळीपर्यंत तेच. उतावळ्या पोरींना ते म्हणायचे, “गुडघ्याले बाशिंग बांधलं म्हून लगन लवकर लागत नाई.” विनोद चावून चोथा झालेला होता, तरी पोरी हसायच्या. समिधा आणि फुला अशा एकेक पायरी चढत सेहेचाळीस पौंडांवर आल्या होत्या, आणि त्या वजनाला राज्यात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं.

मग लक्ष्य दूर गेलं. प्रेक्षकांना लांबचा बाण बघायला आवडतो असं कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अंतर जवळजवळ दुप्पट झालं. सेहेचाळीस पौंडांचा बाण तिथवर पोचायचा, पण उंच कमान घेऊन, वाऱ्याच्या मर्जीने. साठ पौंडांचा बाण सरळ जायचा. मास्तरांच्या हिशेबाने सेहेचाळीसवरून साठवर जायला सात दिवाळ्या लागणार होत्या. देशाच्या संघाची निवड पुढच्या हिवाळ्यात होती.

इथे शरीराबद्दल थोडं सांगायला हवं. साठ पौंडांचं धनुष्य ओढणं म्हणजे सत्तावीस किलोची गव्हाची गोणी तीन बोटांवर अडकवून, नेम लागेपर्यंत जराही न हलता तोलून धरणं. एवढा जोर स्नायू काही महिन्यांत कमावतो. पण स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, कंडरा म्हणतात तिला, तिला रक्त कमी मिळतं. ती फार सावकाश बळकट होते. ही आळशी आणि तो उतावळा, यांचं भांडण होऊ नये म्हणून शरीराने दोघांच्या सांध्यावर राखणदार बसवले आहेत. मज्जातंतूंची ती बारीक टोकं ताण मोजतात. ताण फार झाला की मज्जारज्जूला निरोप धाडतात आणि स्नायूची पकड ढिली पडते. आपला जोर संपला असं आपल्याला वाटतं. खरं तर तो संपलेला नसतो, कोणीतरी अडवलेला असतो. तळव्याला लागणारी थरथर म्हणजे त्याच अडवाअडवीची झटापट.

‘मुभा’ नावाची पट्टी बाजारात आली ती या राखणदारांसाठी. बोटभर रुंद, कातडीच्या रंगाची, खांद्यापासून दंडापर्यंत चिकटवायची. तिच्यातून निघणाऱ्या बारीक विद्युतलहरी राखणदारांचा निरोप वाटेतच पुसून टाकायच्या. मेंदूचा हुकूम हातापर्यंत जायचा, हाताची तक्रार मात्र परत यायची नाही. काळजी नको, ताण आमची पट्टीच मोजते, असं कंपनीची माणसं सांगायची. ताण हद्दीत असला की मोबाइलवर आकडा हिरवा, बाहेर गेला की लाल. हद्द ठरवली होती ती शेकडो निरोगी खांद्यांच्या सरासरीवरून. समोरच्या खांद्यातली दोरी आधीच उसवली आहे की काय, हे पट्टीला कळायची सोय नव्हती, आणि ते कोणी विचारलंही नाही.

फुलाने पट्टी लावली. समिधाने नाही लावली.

“घाबरते काय वं?” फुला म्हणाली.

“हो.”

“मी बी घाबरतो. पण सात वर्षांनी मी बत्तीसची होईन. तवा कोन घेते मले संघात?”

उरलेल्या मुली पावसाळा संपायच्या आत पंचावन्न, अठ्ठावन्न, साठवर गेल्या. मैदानाला कंपनीने नवी शेड बांधून दिली. मास्तर शेडखाली खुर्ची टाकून बसायला लागले, आणि दिवाळीचा विषय त्यांनी काढला नाही.

साठ पौंडांचं धनुष्य फुलाने पहिल्यांदा पूर्ण ओढलं तेव्हा समिधाचा तळवा तिच्या फऱ्यावर होता. थरथर नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तळव्याखाली काहीच घडत नव्हतं. भिंतीवर हात ठेवावा तशी ती पाठ. बाण सरळ गेला, लक्ष्यात थाडकन बसला, आणि फुला आनंदाने ओरडली. समिधाला तिचं कौतुक वाटलं. थोडा हेवाही वाटला, आणि भीती या दोन्हीपेक्षा जास्त.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी त्या भिंतीच्या आत काहीतरी करकरलं. ओल्या काथ्याच्या दोरीला पीळ देताना बोटांना जाणवतं तसं. अगदी बारीक, पण होतं.

“उतर,” समिधा म्हणाली.

फुलाने धनुष्य खाली घेतलं. “काय झालं? थरथर तं नव्हती.”

“थरथर नाई. आतून करकरून रायलं.”

“मले तं काईच दुखत नाई.” फुलाने मोबाइल पुढे केला. आकडा हिरवागार. “हे पाय.”

शेजारच्या रांगेतल्या मुली थांबून ऐकत होत्या. त्यांतली एक म्हणाली, “समिधाताईचं बी बरोबर हाय. साठवाल्यायले थांबवाचं आता थेच एक औषध उरलं.” सगळ्या हसल्या. फुलाही हसली. वाईट हेतूने नाही, तोंडावर आलं म्हणून हसली. नंतर चहाच्या वेळी “मजाक होती वं” म्हणून समिधाच्या पाठीत धपाटाही घातला. पण ते हसू समिधाच्या मनात जे जाऊन बसलं ते उठलं नाही. पुढे दोनदा तिला तीच करकर लागली. दोन्ही वेळा ती गप्प राहिली.

मास्तरांना तिने एकदा सांगून पाहिलं.

“आकडा हिरवा हाय नं?” त्यांनी विचारलं.

“हिरवा हाय. पण मास्तर, हाताले लागते.”

“मंग तू बी घे नं पट्टी,” मास्तर शेडच्या छताकडे बघत म्हणाले. “काहून मांगं राहून रायली?”

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे ज्याचं जळत होतं त्यालाच कळत नव्हतं, आणि जिला कळत होतं तिची बोलायची हिंमत गेली होती.

निवड अमरावतीला झाली. वारा पडलेला होता, आणि समिधाचं नशीब त्या दिवशी इतकं जोरावर होतं की सेहेचाळीस पौंडांच्या धनुष्याने तिने साठवाल्या सगळ्या मुली मागे टाकल्या. एक फुला सोडून. महाराष्ट्रातून एकच जागा. समिधाचे बाण संपले होते. फुलाचा शेवटचा बाण राहिला होता, आणि तो आठच्या वलयात किंवा आत बसला की जागा फुलाची. नाही बसला की समिधाची.

पंच जवळ आले. भला माणूस होता. “बेठेकर, तुमची जोडीदारच तुमची प्रतिस्पर्धी आहे,” ते हळूच म्हणाले. “जोडीदार बदलून हवी असेल तर नियमात बसतं. कोणी काही म्हणणार नाही.”

फुला मोठ्याने हसली. “तिचा हात सोडून दुसरा हात मायाच्यानं चालनच नाई, साहेब. इतकी वर्षं झाली.”

समिधा मागे उभी राहिली. तिने हात घासून गरम केला आणि फऱ्यावर ठेवला. फुलाने धनुष्य उचललं, दोरी हनुवटीला आणली, आणि करकर सुरू झाली.

या वेळी ती बारीक नव्हती. समिधाच्या तळव्याखाली एकेक धागा सुटत होता. याबद्दल तिच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि नंतरही कधी आली नाही. उतर म्हणायचं, की बाण बाद, आणि जागा आपली. मग सगळं मैदान म्हणणार, बघा, मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवून तिचीच जागा लाटली. आकडा हिरवा होता, थरथर नव्हती, हिला एकटीलाच कसं काय कळलं? आणि फुला? फुला पुन्हा हसेल की रडेल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी तिची गत झाली. शब्द जिभेवर आला होता. तो तिने गिळला.

ओला कपडा फाटावा तसा आवाज आला. बाण वीस पावलांवर गवतात पडला. फुलाने आपल्या खांद्याकडे पाहिलं. खांद्याची गोलाई जिथे असायला हवी तिथून ती खाली सरकली होती. “हे काय झालं वं?” तिने विचारलं. दुखत नसल्यामुळे तिचा आवाज अगदी रोजचा होता. वैद्यकीय पथकाने पट्टी सोडवली, आणि मग ती किंचाळली.

समिधा बोलली असती तरी जागा तिलाच मिळाली असती, न बोलून पण तिलाच मिळाली. फरक पडला तो फक्त फुलाच्या हातात.

लोकांनी समिधाला डोक्यावर घेतलं. मैत्रिणीचा बाण बाद करायची संधी हातात असताना ही पोरगी गप्प उभी राहिली, काय मन आहे, काय संस्कार! पेपरात फोटो आला. समिधाच्या आईने तो कापून देवघराच्या शेजारी लावला, आणि समिधा त्या बाजूने जायचं टाळू लागली.

चौकशी झाली. समितीत डॉ. अवचार नावाच्या शांत बाई होत्या. त्यांनी सरळच विचारलं, “पट्टीची नोंद हिरवी आहे. पण यंत्राला न कळलेलं हाताला कळू शकतं. तुमच्या तळव्याला त्या वेळी, किंवा आधी सरावात, काही जाणवलं होतं का? नीट आठवून सांगा. तुमच्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे.”

हो म्हटलं तर पट्टीवर बंदी येणार होती. पण हो म्हणजे, कळलं होतं आणि मी बोलले नाही. हो म्हणजे देवघराशेजारचा तो फोटो. खोलीच्या कोपऱ्यात फुला बसली होती, उजवा हात गळ्यात बांधून.

“नाही,” समिधा म्हणाली. “काही जाणवलं नाही.”

डॉक्टरबाईंनी ते उत्तर लिहून घेतलं. पट्टी निर्दोष ठरली. समितीने एक सुधारणा तेवढी सुचवली. इथून पुढे पट्टी लावणाऱ्याने जोडीदाराच्या शब्दाशिवाय ना बाण सोडायचा, ना धनुष्य उतरवायचं. आपल्या हाताचं काय चाललंय हे ज्याला कळत नाही, त्याने ठरवू नये. वरवर पाहता अगदी शहाणपणाचा नियम होता.

निर्दोष ठरलेली वस्तू मैदानात कशाला थांबेल? उन्हाळ्यापर्यंत ती जिनिंगमध्ये पोचली. कापसाच्या गाठी उचलणारे हमाल दंडावर मुभा लावून दुप्पट गाठी उचलायला लागले. मग दगडाच्या खाणीत, धान्याच्या गोदामात, ऊसतोडीवर. समिधाचे पंजाब मामा जिनिंगला होते. त्यांनी बाही वर करून तिला कौतुकाने दाखवली. “तुयी पट्टी, पोरी! अंग कायले मनून दुखत नाई.” समिधाने त्यांच्या फऱ्यावर हात ठेवला. मामांना वाटलं, पोरगी माया करून राहिली. तळव्याखाली तीच करकर होती. हात तिने लगेच काढून घेतला. मामा जिथे काम करायचे तिथे शंभर माणसं होती, आणि एकाच्याही पाठीवर हात ठेवायला कोणी नव्हतं.

फुलाच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. हात खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. समिधा आठवड्याला सेमाडोहला जायची आणि तिची वेणी घालून द्यायची. फुला अंगणात पाट घेऊन बसायची, समिधा मागे. दोघी पूर्वी इतक्या बोलायच्या की मास्तर ओरडायचे. आता कंगव्याचा आवाज तेवढा यायचा. सांगून टाकावं असं समिधाला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी वेणी संपायची.

संघाच्या प्रशिक्षकाने समिधाला कळवलं की सेहेचाळीसचं नशीब पुन्हा पुन्हा चालत नसतं. साठवर या, नाहीतर जागा सोडा. जागा सोडावी असं तिच्या मनात आलं. पण मग फुलाचा हात कशासाठी गेला? हा प्रश्न मनात आला की ती सोडू शकायची नाही. आपण किती चुकीचा हिशेब करतोय हे तिला कळत होतं, तरी हिशेब तोच यायचा. तिने पट्टी मागवली.

“जोडीदारीण कोन?” वेणी घालून झाल्यावर फुलाने विचारलं.

“पायतो कोनी तरी.”

“मी उभी रायतो. डावा हात तं धड हाय नं माया.”

समिधाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, ही क्षमा आहे. इतके महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी अलगद बाजूला करतंय असं तिला वाटलं, आणि ती फुलाच्या गळ्यात पडली. फुलाने तिला थोपटलं.

सकाळी दोघी मैदानावर गेल्या तेव्हा अजून कोणी आलेलं नव्हतं. समिधाने पट्टी चिकटवली. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात तिथे असूनही नसल्यासारखा झाला. फुलाने डावा तळवा तिच्या फऱ्यावर ठेवला.

समिधाने साठ पौंडांचं धनुष्य उचललं आणि ओढलं. किती सोपं होतं ते! तिला क्षणभर फुलाचा तो पहिला आनंद कळला. दोरी हनुवटीला टेकली. लक्ष्य लांब, स्वच्छ दिसत होतं. आता ‘सोड’ किंवा ‘उतर’, फुलाच्या शब्दाची वाट बघायची.

“मले एकच सांग,” फुला मागून म्हणाली. “त्या दिवशी तुया हाताले कळलं होतं नं?”

दोरी हनुवटीला असताना बोलता येत नाही. बोललं की नेम हलतो. तळवा पाठीवर तसाच होता, आणि तो तळवाही वाट बघत होता. खोटं बोलायला फार तर एक शब्द लागला असता, समितीसमोर लागला तेवढाच.

“हो,” ती म्हणाली. नेम हलला. “लय आधीपासून कळत होतं.”

“मले वाटलंच होतं,” फुला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर समिधाला बरं वाटलं असतं. “हसली होती मी तवा, म्हून नाई बोलली नं तू? मी रोज इचार करतो, कायले हसली मी.”

मग पाठीवरचा हात उठला.

“फुला?”

गवतातून पावलांचा आवाज फाटकाकडे गेला.

“फुला, सांग नं वं. सोडू का उतरू?”

फाटक वाजलं. समिधा धनुष्य ताणून तशीच उभी राहिली. हात जराही थरथरत नव्हता, मोबाइलवरचा आकडा हिरवा होता, आणि तिला काहीच दुखत नव्हतं.